आयोनिक लिक्विडची बाटली दर पावसाळ्यात आतून दुधी होते, पीएच इलेक्ट्रोड मरतो : कारण काय आणि काय करायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या लॅबमध्येही हेच चाललंय का ते लगेच कळेल. मे महिन्यात बीएमआयएम (ब्युटिल-मिथिलइमिडाझोलियम) टेट्राफ्लुओरोबोरेट या आयोनिक लिक्विडची, म्हणजे खोलीच्या तापमानालाच द्रव असलेल्या मिठाची, नवीन बाटली येते, लिक्विड रंगहीन, ओतताना गोडेतेलासारखं जाडसर, सायक्लिक व्होल्टॅमेट्रीचे (व्होल्टेज वर-खाली करत करंट मोजायच्या चाचणीचे) ग्राफ एकदम स्वच्छ. मिरग लागला की दोन-तीन आठवड्यांत ग्राफ बिघडायला लागतात, बेसलाइन वर सरकते, लिक्विड पातळ झाल्यासारखं वाटतं. गणपतीपर्यंत बाटलीच्या काचेला आतून पुसट दुधी पडदा धरतो, आधी खांद्याजवळ, मग लिक्विडच्या पातळीला एक रेघ, आणि ती कितीही घासली तरी जात नाही. झाकण उघडताना कधीकधी बारीक फुस्स आवाज येतो. आणि त्याच दिवसांत पीएच मीटरचा काचेचा इलेक्ट्रोड आळसावतो, रीडिंग स्थिरच होत नाही, आमच्याकडे दोन वर्षांत असे दोन इलेक्ट्रोड गेले आणि आम्ही दोन्ही वेळा इलेक्ट्रोडलाच दोष दिला.

आमची लॅब रत्नागिरीची, खिडकीतून खाडी दिसते, वारा थेट समुद्राचा. इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, जुलैमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदच्या आसपास, पापड-मीठ-माचीस सगळं सादळतं. मग बाटलीतलं लिक्विड सादळलं तर त्यात नवल काय, असं आम्हीही म्हणत होतो. सादळलं म्हणजे पाणी शिरलं, पाणी शिरलं म्हणजे वाळवायचं, विषय संपला. इथेच आम्ही चुकलो आणि चूक साधी नव्हती, कारण या लिक्विडमध्ये पाणी शिरलं की ते नुसतं ओलं होत नाही, त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल, म्हणजे एचएफ, तयार होतं. काचेवरचा दुधी पडदा हा डाग नाही, तिथली काच खाल्ली गेलीय. इलेक्ट्रोडचा काचेचा फुगाही त्यानेच खाल्ला.

आम्ही काय काय करून बसलो ते क्रमाने लिहितो, कारण मला खात्री आहे यातलं निम्मं अजून बऱ्याच कॉलेजांत चालू असेल. पहिल्या वर्षी सप्लायरला मेल केला, त्यांनी बाटली बदलून दिली, तीही ऑक्टोबरपर्यंत तशीच झाली. दुसऱ्या वर्षी लिक्विड काचेच्या बीकरमध्ये ओतून शंभर डिग्रीच्या हॉट एअर ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलं, सकाळी दार उघडलं तर नाकाला झोंबणारा वास, बीकरला खालपासून वरपर्यंत धुकं धरल्यासारखं आणि ओव्हनच्या दाराची काचसुद्धा मंद झालेली. त्या दिवशी मी स्वतः दारात उभा राहून तो वास घेतला आणि खिडक्या उघडून कामाला लागलो, आता ते आठवलं की अंगावर काटा येतो. तिसऱ्या वर्षी बाटली फ्रिजमध्ये ठेवायला सुरुवात केली, त्याने तर प्रकरण आणखी बिघडलं, का ते पुढे येईल.

डोळे उघडले ते एका विद्यार्थिनीमुळे. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, फार नीटनेटकी, तिला वाटलं रिकामी बाटली स्वच्छ करून ठेवावी म्हणून तिने ती आतला दुधी थर जावा म्हणून ब्रशने घासली. ग्लोव्ह बोटाच्या टोकाला फाटलं होतं, तिच्या लक्षात आलं नाही. दुपारी काही नाही, लालीसुद्धा नाही. रात्री नऊच्या सुमाराला बोटाचं टोक ठणकायला लागलं, आईला वाटलं काटा गेला असेल किंवा काही चावलं असेल, हळद लावली, शेक दिला, ठणका वाढतच गेला आणि बोट वरून दिसायला जवळजवळ नॉर्मल. नशिबाने तिने मला फोन केला, आणि तेव्हाही मला लगेच कळलं नाही, वीसेक मिनिटं फाइली चाळल्यावर टेट्राफ्लुओरोबोरेट आणि फ्लोराइड यांचा मेळ डोक्यात बसला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना एचएफ हे शब्द सांगितल्यावर त्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्रीटमेंट दिली, बोट वाचलं, नखाखाली काही आठवडे दुखत राहिलं. ती आता बरी आहे. पण तो सगळा वेळ आमच्यामुळे गेला होता, तिच्यामुळे नाही, कारण त्या बाटलीवर धोक्याचं एकही अक्षर आम्ही लिहिलेलं नव्हतं.

आता कारण. आयोनिक लिक्विड म्हणजे शंभर डिग्रीच्या खाली वितळणारं मीठ, बरीचशी तर खोलीच्या तापमानालाच द्रव. ही गोष्ट तशी जुनी आहे, पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली इथिलअमोनियम नायट्रेट हे साधारण १२ डिग्रीला वितळणारं मीठ नोंदवलं होतं. मधल्या काळात ॲल्युमिनियम क्लोराइडवाली आयोनिक लिक्विड्स गाजली, पण त्यांना ओलसर हवेचा वाराही चालत नाही, पाणी लागलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर. मग १९९२ साली विल्क्स आणि झावोरोत्को यांनी टेट्राफ्लुओरोबोरेटसारखे आयन वापरून हवेत आणि पाण्यात टिकणारी म्हणून नवी लिक्विड्स मांडली, आणि आमच्यासारख्यांनी 'पाण्यात टिकणारी' एवढंच लक्षात ठेवलं. ते टिकणं आधीच्या ॲल्युमिनियमवाल्यांच्या मानाने होतं हे कोणी सांगितलं नाही. २००३ साली रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने बीएमआयएम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्यामुळे फुटतं आणि त्यातून एचएफ निघतं हे स्पष्ट दाखवून दिलं. म्हणजे आमच्या बाटल्या दुधी व्हायच्या कितीतरी आधीपासून ही गोष्ट माहीत होती, आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

त्यातही दोघांचा स्वभाव वेगळा आहे आणि हा फरक कामाला येतो. टेट्राफ्लुओरोबोरेट जास्त नाजूक, ते पाण्यात पूर्ण मिसळतं आणि खोलीच्या तापमानालाही हळूहळू फुटत राहतं, बोरॉनवरचा एक एक फ्लोरिन सुटून त्याजागी पाण्याचा हायड्रॉक्सिल येतो आणि सुटलेला फ्लोरिन एचएफ बनून बाहेर. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्यात मिसळत नाही, पाण्याखाली तळाला जाऊन बसतं, म्हणून लोकांना ते निर्धोक वाटतं, पण तेही दोनेक टक्के पाणी आपल्यात मुरवून घेतं आणि आम्ल किंवा उष्णता मिळाली की फुटतं. आता यात काच आली की काय होतं बघा : एचएफ काचेतल्या सिलिकाला खातं, त्यातून सिलिकॉन टेट्राफ्लुओराइड नावाचा वायू सुटतो आणि सोबत परत पाणी तयार होतं, ते पाणी पुन्हा नवीन लिक्विड फोडायला मोकळं. म्हणजे काचेच्या बंद बाटलीत एकदा हे सुरू झालं की आत शिरलेलं थोडंसं पाणीसुद्धा फिरून फिरून वापरलं जातं. झाकण उघडतानाचा फुस्स आवाज आमच्या मते याच वायूचा.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वास. आयोनिक लिक्विडला बाष्पदाब जवळजवळ नसतो, म्हणजे ॲसिटोन किंवा टोल्युइनसारखी वाफ नाही, वास नाही, पटकन पेट घेत नाही, म्हणून याला ग्रीन सॉल्व्हंट म्हणत म्हणत आपण पोरांच्या हातात देतो. वाफ नाही म्हणजे श्वासातून जाण्याचा धोका कमी, एवढंच खरं. पण उडून जात नाही याचाच दुसरा अर्थ असा की सांडलेला थेंब उद्याही तिथेच असतो, परवाही तिथेच. बॅलन्सच्या पॅनवर, दाराच्या हँडलवर, मोबाइलच्या कव्हरवर, स्टुलाच्या कडेला. ॲसिटोन सांडला तर तो स्वतःहून निघून जातो, हे कोणीतरी हाताने उचलेपर्यंत थांबतं. आमच्या बॅलन्सच्या आतल्या कोपऱ्यातले गंजाचे ठिपके आम्ही खारट हवेच्या खात्यात टाकले होते, ते सगळे खारट हवेचे नव्हते.

बाटली बिघडलीय की नाही हे घरच्या घरी म्हणजे पाण्याचं प्रमाण मोजणारं कार्ल फिशर मशीन नसलेल्या लॅबमध्ये कसं ओळखायचं? रंगावर जाऊ नका, हे पहिलं. पिवळट झालं म्हणजे खराब आणि पांढरं स्वच्छ म्हणजे चांगलं असं आमच्याकडे सगळे समजत होते, पण पिवळेपणा बहुतेक वेळा बनवताना जास्त तापल्यामुळे राहिलेल्या अगदी थोड्या अशुद्धीचा असतो, पूर्ण रंगहीन लिक्विडमध्येही आम्ल असू शकतं. खरी चाचणी सोपी आहे : फ्युम हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात), ग्लोव्हज आणि गॉगल घालून, प्लास्टिकच्या छोट्या ट्यूबमध्ये थोडं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात प्लास्टिकच्या ड्रॉपरने लिक्विडचा एक थेंब हलवा, आणि पीएच पेपर बुडवा. काचेचा इलेक्ट्रोड अजिबात नको. पेपर सरळ लाल-केशरीकडे म्हणजे तीनच्या खाली गेला तर ती बाटली आमच्यासाठी त्या क्षणी एचएफची बाटली ठरते. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट असेल तर ते पाण्यात मिसळणार नाही, जोरात हलवून वरच्या पाण्याच्या थरात पेपर धरायचा. फ्लोराइड आयन इलेक्ट्रोड असेल तर अजून उत्तम, आमच्याकडे नाही. आणि काच दुधी दिसली तर पेपरची वाटही बघायची नाही.

हवेतून किती पाणी जातं यावर कोणाचा विश्वास बसत नसेल तर बाटलीच्या एका प्लास्टिकच्या टोपणात ताजं ग्रॅमभर लिक्विड घेऊन जुलैच्या दुपारी बॅलन्सवर ठेवा, शेवटचे आकडे डोळ्यांसमोर वर चढताना दिसतात, पोरांना हे एकदा दाखवलं की झाकण उघडं टाकायची सवय आपोआप सुटते. व्होल्टॅमेट्रीवर परिणाम तर विचारूच नका, कोरड्या टेट्राफ्लुओरोबोरेटची चार व्होल्टच्या आसपासची खिडकी, म्हणजे लिक्विड स्वतः न फुटता जेवढ्या व्होल्टेजमध्ये काम करता येतं तो पट्टा, तीन टक्के पाण्याने निम्म्यावर येते.

बिघडलेली बाटली मिळाली तर ती वाचवायच्या भानगडीत पडू नका. गरम करू नका, व्हॅक्यूमला लावू नका कारण एचएफ पंपात जाईल, वॉशिंग सोडा टाकून नीट करू म्हणून प्रयोग करू नका, आणि बाटली घासू तर अजिबात नका. घट्ट झाकणही पिळून लावू नका, दाब साठतो. फ्युम हूडमध्ये सावकाश झाकण सैल करून दाब सोडायचा, मग लिक्विड जाड पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई प्लास्टिकच्या बाटलीत ओतायचं, आणि काचेची रिकामी बाटलीसुद्धा वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात, वर ठळक लिहून : यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकतं. आमच्याकडे लॅबचे काका सगळ्या रिकाम्या बाटल्या धुवून पाणी पिण्यासाठी, रोपं लावण्यासाठी घरी न्यायचे, बरीच वर्षं चालत आलेली पद्धत, कोणी वाईट हेतूने करत नव्हतं. ती आम्ही काकांशी बसून, बोटाची गोष्ट सांगून बंद केली. त्यांनीच मग आठवण करून दिली की दोन वर्षांपूर्वी एक बाटली धुताना हात चुरचुरला होता.

आता मुळावरचा उपाय, म्हणजे हे परत होऊच नये म्हणून. आमचं निम्मं काम भांडं बदलून झालं. फ्लोरिनवाली आयोनिक लिक्विड्स, निदान ही दोन, काचेत ठेवायचीच नाहीत. सप्लायरकडून काचेतच आली तर आल्या आल्या, कोरड्या दिवसात, एसी खोलीत दहा-दहा मिलीच्या पॉलिप्रॉपिलीनच्या वायलमध्ये वाटून टाकायची, प्रत्येक वायल झिप पाउचमध्ये, सगळी डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, सिलिका जेलवर. जेल लिक्विडच्या बाहेर, आत टाकायचं नाही, तेही सिलिकाच आहे. एक वायल उघडली की ती त्या आठवड्यातच संपवायची, उरलेलं परत मोठ्या बाटलीत ओतायचं नाही. झाकणाभोवती पॅराफिल्म गुंडाळली की झालं असं वाटतं पण ती ओलावा फक्त थोडा लांबवते, थांबवत नाही. आणि मोठी बाटली घेऊच नका, शंभर ग्रॅमच्या एका बाटलीपेक्षा पंचवीसच्या दोन घ्या, थोडी महाग पडते पण निम्मी फेकावी लागत नाही. आमच्याकडे ऑर्डर आता मार्चऐवजी नोव्हेंबरात जाते, म्हणजे मुख्य काम कोरड्या महिन्यांत उरकतं.

फ्रिजचं राहिलं. पावसाळ्यात इथला दवबिंदू पंचवीस डिग्रीच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड असलेली कुठलीही वस्तू हवेत आली की तिच्यावर पाणी धरतं, थंड सरबताच्या ग्लासासारखं. फ्रिजमधली बाटली काढून तशीच उघडली की आतल्या काचेवर, लिक्विडच्या पृष्ठभागावर दव पडतं, आम्ही रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्यात पाणी घालत होतो. एसी खोलीतली बाटली बाहेरच्या टेबलावर नेली तरी थोडंफार तेच. म्हणून फ्रिज बंदच केला, आणि एसीतून बाहेर नेलेली वायल तासभर बंद ठेवून, बाहेरून कोरडी पुसून मगच उघडायची. वादळवाऱ्यात तारेवर झाड पडून लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा डीह्युमिडिफायरच्या भरवशावर राहणारी पद्धत इथे चालत नाही, डेसिकेटर लाईटवर चालत नाही म्हणून तोच खरा. अजून एक, सगळ्यात खालच्या फळीवर काहीही ठेवू नका, २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी किती चढलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तळमजल्याच्या लॅबवाल्यांनी तर ही कपाटं वरच्या मजल्यावरच न्यावीत.

जे लोक प्रोजेक्टसाठी स्वतः बनवतात त्यांच्यासाठी थोडं. मिथिलइमिडाझोल आणि क्लोरोब्युटेनपासून बीएमआयएम क्लोराइड, मग आयन बदल. हेक्साफ्लुओरोफॉस्फेटसाठी हेक्साफ्लुओरोफॉस्फोरिक ॲसिड वापरायची पद्धत जुन्या जर्नलांत दिसते, आमचं ठाम मत आहे की कॉलेजात ती करूच नये, पोटॅशियमचं मीठ वापरा, आम्लाचा मागमूस राहिला आणि मग वाळवायला गरम केलं की तोच एचएफचा खेळ. पाण्याने धुवत राहा, पाणी पीएच पेपरवर न्यूट्रल येईपर्यंत आणि सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइडचा गढूळपणा यायचा थांबेपर्यंत, आणि वाळवायचं ते व्हॅक्यूमखाली, कमी तापमानाला, काचेत नाही. मधला क्लोराइड घन असतो पण पावसाळ्यात उघडा ठेवला तर गुळासारखा पाझरून वाहायला लागतो. त्यात फ्लोरिन नाही म्हणून एचएफचा प्रश्न नाही, पण तो गिळला गेला तर विषारी आहे, तेव्हा पाझरलेलं चिकट पुसायचं, चहाचा कप त्या टेबलावर नाही.

शक्य असेल तर मीठच बदला. बिस-ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनिल इमाइडवालं, ज्याला लॅबमध्ये सगळे एनटीएफटू म्हणतात, ते पाण्याला दाद देत नाही, पाण्यात मिसळतही नाही, नेहमीच्या वापरात एचएफ सोडत नाही. महाग आहे. आम्ही व्होल्टॅमेट्रीचं काम त्याच्यावर नेलं आणि पावसाळ्यातला त्रास तिथल्या तिथे थांबला. पण तेही निर्धोक समजू नका, इमिडाझोलियमचा धन आयन तोच आहे, त्याची कार्बनच्या साखळीची शेपटी जितकी लांब तितकं ते पाण्यातल्या जिवांना घातक, आणि आगीत सापडलं तर त्यातूनही फ्लोरिनचे विषारी वायू निघतात. आयोनिक लिक्विड जळत नाही हेही अर्धंच खरं, ते जोरात तापलं की फुटतं आणि फुटून निघालेले वायू जळतात.

हाताळणीबद्दल जास्त लांबण लावत नाही. गॉगल कायम, चष्मा म्हणजे गॉगल नाही. पातळ नायट्रिल ग्लोव्हज दुहेरी घाला, थेंब पडला की लगेच बदला, आणि बिघडलेल्या बाटलीशी काम असेल तर त्यावरून जाड निओप्रीन. ग्लोव्ह घालण्याआधी हवा भरून फाटलंय का बघायची सवय आता आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. ग्लोव्ह घातलेल्या हाताने मोबाइल नाही, दार नाही.

फर्स्ट एडवर मात्र थांबून वाचा. पातळ एचएफचा त्रास असा की लागल्यावर काही तास, कधी चोवीस तासांपर्यंत, दुखतच नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा वरून फारसं काही दिसत नाही, कारण फ्लोराइड त्वचेतून आत उतरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं. जास्त लागलं तर रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊन हृदयाची लय बिघडते, त्याने माणूस दगावू शकतो. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. शंका आली तरी ग्लोव्ह, कपडे, अंगठी काढा, भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, मग अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल स्वच्छ ग्लोव्ह घालून चोळत राहा आणि चोळत चोळतच हॉस्पिटलला निघा. डोळ्यात गेलं तर जेल नाही, फक्त पाणी, सतत, आणि लगेच हॉस्पिटल. सोबत सेफ्टी डेटा शीटची प्रिंट आणि कागदावर मोठ्या अक्षरात एचएफ लिहून न्या, कारण ड्युटीवरचे डॉक्टर बोट बघून साधं भाजलंय समजू शकतात.

गुहागर, देवगड, मंडणगड अशा ठिकाणच्या कॉलेजांनी तर हे जेल लॅबमध्ये ठेवल्याशिवाय ही बाटली उघडूच नये असं मला मनापासून वाटतं, मोठ्या हॉस्पिटलपर्यंत घाटाचा रस्ता, पावसात दरड, तास-दीड तास कसाही जातो. जेल इथल्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. आम्ही ओळखीच्या डॉक्टरांना आधीच भेटून सगळं समजावून ठेवलं, त्यांनी सांगितलं की दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट इंजेक्शन एक भाग आणि पाण्यात विरघळणारी लुब्रिकेटिंग जेली तीन भाग मिसळलं की अडीच टक्के होतं, आणीबाणीत तेही चालतं. तयार ट्यूब आता आमच्या फर्स्ट एड बॉक्समध्ये आहे, एक्सपायरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली.

सांडलं तर लाल बादलीतली वाळू टाकायची सवय असते, या बिघडलेल्या लिक्विडवर वाळू टाकू नका, वाळू म्हणजे सिलिका, एचएफशी तीच प्रक्रिया. त्याऐवजी कॅल्शियम कार्बोनेटची पावडर भरपूर टाका, फ्लोराइड त्यात कॅल्शियम फ्लोराइड म्हणून बांधलं जातं, मग प्लास्टिकच्या सुपलीने उचला आणि जागा दोनदा-तीनदा पुसा, कारण चिकटपणा राहिला तर फरशी घसरते. ताजं, आम्ल नसलेलं लिक्विड टिश्यूने टिपून पिशवीत भरलं तरी चालतं.

आणि बेसिन. हे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या लॅबचं पाणी शोषखड्ड्यात जातं, खाली जांभा, जांभ्याला भोकंच भोकं, आणि उतारावर शे-दोनशे मीटरवर कोणाची तरी विहीर. बीएमआयएमसारखा आयन मातीत-पाण्यात सहजासहजी कुजत नाही. मे महिन्यात त्या विहिरीवर किती घरं अवलंबून असतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे धुवणाचं पहिलं पाणीसुद्धा बेसिनमध्ये नाही, ते कॅनमध्ये. घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत, तळोज्याला सामायिक प्रक्रिया केंद्र आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी केली की नोंदणीची पद्धत सांगतात. अडचण अशी की कॉलेजचा कचरा वर्षाला दोन-तीन लिटर, तेवढ्यासाठी गाडी येत नाही. आम्ही शेजारच्या दोन कॉलेजांशी बोलून तिघांचा कॅन एकत्र करायचं ठरवलंय, आणि लोटे एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटच्या फेरीबरोबर तो कायदेशीर कागदपत्रांसह जाऊ शकतो का याची विचारणा चालू आहे. तोपर्यंत आमच्या चार जुन्या दुधी बाटल्या झाकण सैल करून, प्लास्टिकच्या बादलीत, खाली कॅल्शियम कार्बोनेट पसरून, फ्युम हूडच्या कोपऱ्यात आहेत आणि हूडचा पंखा चालू आहे. सिंधुदुर्ग किंवा रायगडातल्या कोणत्या लॅबने हा कचरा नियमाने पाठवला असेल तर कसा पाठवला ते जरूर कळवा.